तिसऱ्यावर ठेवलेला हात

प्रिय लुवाम,

तुझा निरोप मिळाला. तुझ्या लेकीच्या, एब्बाच्या नामकरणाचं जेवण शनिवारी आहे. मी आपला पांढरा पोशाख घालून यायचं, जबेनाची मातीची किटली आणि निखाऱ्याची शेगडी आणायची, आणि सगळ्यांसमोर बसून कॉफी करायची, कारण ऑस्करच्या माणसांना 'ते सगळं फार आवडतं'. आणि खाली एक ओळ, 'आई, तेवढा इलेल्ता मात्र नको.' म्हणजे माझे कपडे चालतील, हात चालतील, गळा तेवढा घरी ठेवून यायचं. मी काय काचेच्या कपाटातली बाहुली आहे?

या परक्या देशात, वेस्तेरोसला येऊन मला बावीस वर्षं झाली. इमारतीच्या धुण्याच्या खोलीत पाळी लावल्याशिवाय मी एक टॉवेल धुतलेला नाही. बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात गेले नाही. मायदेशी, आपल्या अस्मारात अशी वागले असते तर लोकांनी मला शिष्ट म्हटलं असतं. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, नाताळात त्यांची गाणी त्यांच्याबरोबर म्हणते, आणि खरं सांगते, मला ती आवडतात. तू ऑस्करशी लग्न ठरवलंस तेव्हा तुझी मावशी फोनवर म्हणाली होती, 'आता जावयाला इंजेराची भाकरी काट्याचमच्याने भरव हो.' तिला मीच झापलं. एवढं करून तुझ्या लेखी मी गावंढळ ती गावंढळच.

त्या दिवशी दवाखान्यात मुलगी झाली म्हणून कळलं आणि मी इलेल्ता सुरू केला. बाळ आलं की आजीने जीभ नाचवत, गळा मोकळा सोडून ती बातमी साऱ्या गल्लीला सांगायची, हे आपल्यात कुणी शिकवावं लागत नाही. पहिला झाला, दुसरा झाला. तिसरा संपतोय तोच तू टाके ताजे असताना पलंगावर उठून बसलीस आणि माझं तोंड हाताने दाबलंस. 'आई, इथे नाही. लोक काय म्हणतील?' लोक म्हणजे कोण गं? ती नर्स गुनिल्ला? ती तर दारातून डोकावून म्हणाली, 'हे काय, संपलं एवढ्यात? आम्ही बाहेर ऐकत उभ्या होतो.' तू तिचीच माफी मागितलीस, माझी नाही.

मीही एकदा तुझं तोंड असंच दाबलं होतं. तू चार वर्षांची होतीस, आपण सुदानची सरहद्द ओलांडत होतो आणि सैनिक हाकेच्या अंतरावर होते. तू रडली असतीस तर दोघीही मेलो असतो. दवाखान्यात तू कुणाचा जीव वाचवत होतीस, ते मला सांग. दोन महिने मी हाच विचार करतेय आणि माझा राग जराही उतरलेला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. मुलगा झाला तर सात इलेल्ता, मुलीला तीन, हे तुलाही ठाऊक आहे. तुझ्या वेळी माझ्या आईने तीनच दिले. मी पडल्या पडल्या मोजले, आणि ते मला टोचलं, पण तेव्हा बोलायची छाती नव्हती. एब्बासाठी मी सात ठरवले होते. मुलीला कमी का, हे विचारायला मी इथे राहून शिकले, तुमच्या या देशात, आणि ते मी माझ्याच गळ्याने म्हणणार होते. तू बरोबर तिसऱ्यावर हात ठेवलास. तुझ्या लेकीला तेवढंच मिळालं, जेवढं तुला मिळालं होतं. तेव्हा शनिवारी मी येणार आहे, कामावरच्या निळ्या स्वेटरमध्ये, जबेना न घेता. जेवणाआधी राहिलेले चार देईन. ऑस्करच्या आजीला आधी सांगून ठेव, म्हणजे ती दचकणार नाही. आणि त्या वेळी बाळाला दुसऱ्या कुणाकडे देऊ नकोस. तूच घे, आणि दोन्ही हातांनी धर.

तुझीच, रागावलेली आई,
लेतेब्रहान