धरलेल्या माशाबाबत

मी, सौ. सुनेत्रा नरेंद्र टिपणीस, वय ७१, निवृत्त रसायनतज्ज्ञ, राहणार रीनो, नेवाडा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि पूर्ण रागात लिहून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. रागाला दाखल्याची गरज नाही.

१. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक पती नरेंद्र यांना मिळावी. याबाबत तक्रार नाही.

२. माझी गळाची काठी आणि सात फुटी शिडी मुलगी आश्लेषा, राहणार कॅरी, हिला. आमच्या इथल्या तळ्यात ट्राउट मासे पकडायला लोक पाण्यात शिडी रोवून वर उभे राहतात. तळं अल्कधर्मी आहे, खारट नव्हे. हा फरक नरेंद्र यांना चाळीस वर्षांत कळलेला नाही. शिडीवर चढून दिवे बदलू नयेत.

३. दिवाणखान्यातला फोटो. मार्च २००९ मध्ये त्या शिडीवर चार तास कुडकुडत मी एकोणीस पौंडांचा ट्राउट पकडला. नरेंद्र गाडीत हीटर लावून बसले होते. कॅमेरा त्यांना चालवता येईना, म्हणून मासा त्यांच्या हातात दिला, फोटो मी काढला आणि मासा परत सोडला. फोटोखाली मीच लिहिलं, 'नरेंद्र यांनी धरलेला मासा'. मला म्हणायचं होतं, हातात धरलेला. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकात तो छापून आला आणि सगळ्यांनी 'पकडलेला' असंच वाचलं. शब्द माझा चुकला, मान्य. पण सोळा वर्षं अभिनंदन कोणी स्वीकारलं?

जाब विचारला तर म्हणाले, "अगं, पण 'तुम्हीच पकडलात का', असं मला कोणी विचारलंच नाही."

आश्लेषा फोनवर म्हणते, "आई, लेट इट गो ना. बाबांचा फेव्हरिट फोटो आहे तो."

असणारच. पण त्या फोटोत मी कुठेच नाही. मी गेल्यावर त्या दिवसाची तेवढीच खूण उरेल आणि मी तिथे नव्हतेच, असं ठरेल. याचं मला फार वाईट वाटतं, आणि हे मी होऊ देणार नाही.

४. फोटो नरेंद्र यांनीच ठेवावा. अट एकच. माझ्या निधनाच्या बातमीसोबत मंडळाच्या अंकात तोच फोटो छापावा, आणि खालची ओळ नरेंद्र यांनी स्वतःच्या हाताने लिहून द्यावी. एक अक्षरही न बदलता:

'सुनेत्रा टिपणीस यांनी पकडलेला मासा. सोबत पती.'

सही: सुनेत्रा न. टिपणीस
रीनो, नेवाडा. ९ नोव्हेंबर २०२५

आम्हा दोघांसमक्ष सही झाली. मजकूर वाचला, हसलो नाही:
१. गिरीश राजवाडे
२. अबोली चित्रे