अकोल्याची लांब धामण आणि चिखलदऱ्याची आखूड

श्री. महादेवराव यांस,

अकोल्याच्या, म्हणजे खरं तर अकोल्यापासून अकरा किलोमीटरवरच्या वांग्याच्या वावरातून नत्थुजीचा रामराम. तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि चिखलदऱ्याच्या लॉजच्या वरच्या मजल्यावरचा गिझर, या तिघांच्या तब्येती ठीक असतील अशी आशा करतो. (मागे आलो होतो तेव्हा तिघांपैकी दमाच तेवढा जोरात चालू होता.) आमच्याकडे वांगी बरी आहेत, झेंडू यंदा रुसला आहे, आणि तुमची बहीण माझ्याशी कमी आणि माझ्याबद्दल जास्त बोलते, तेव्हा तिचीही प्रकृती उत्तम आहे असं समजा.

फोन सोडून पत्र का लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. आमच्या घरात फोन स्पीकरवर टाकूनच बोलायची पद्धत आहे. व्हॉट्सअॅपवर लिहावं तर तुमचा मोबाइल लॉजच्या काउंटरवर उताणा पडलेला असतो आणि येणारा-जाणारा त्यात डोकावतो. ही गोष्ट तुमच्यामाझ्यातच राहायला हवी, म्हणून मुद्दाम पाकीट आणलं.

विषय तुमच्या करिश्माचा आहे. तुमची लेक पीएचडीसाठी धामणी मोजते, हे नात्यात सांगताना तुम्ही नुसतं ‘प्राणिशास्त्र’ म्हणता आणि साप हा शब्द गिळता, हे आम्हाला माहीत आहे. (पाहुणे घाबरतात, कबूल. आमच्याकडे तर ती कापडी पिशवी घेऊन दारात उभी राहिली की शेजारीण भाजी उसनी मागायची थांबते, तेवढा फायदा झाला.) धामणीची जात एकच, पण आमच्या काळ्या मातीतली धामण आणि तुमच्या अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटच्या डोंगरातली धामण अंगाने सारखी असते का, एवढाच तिचा प्रश्न. लांबी, शेपटी, रंग, डोक्याची रुंदी, पोटाखालचे खवले, सगळं मोजायचं आणि होती तिथे सोडून द्यायची. वनखात्याच्या परवानगीचा कागद ती गळ्यात अडकवून फिरते. धामण बिनविषारी असते, उंदीर खाते, शेतकऱ्याच्या कामाची असते, हे ती गावाला समजावते. गाव शांतपणे ऐकून घेतं आणि मग विचारतं, की गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते ती हीच ना.

ती रोज येऊ शकत नाही, म्हणून तिने मला एक वही आणि फुटांच्या खुणा केलेली काठी दिली. तशीच वही आणि तशीच काठी तुम्हालाही दिली. आत्याच्या नवऱ्याला, म्हणजे मला, बजावून सांगितलं, “मामाजी, लहान-मोठी जी दिसन ती लिहा. एकबी सोडू नका.” मी मान हलवली. पोरीचं बोलणं मला नीट समजलं होतं, हे इथेच कबूल करतो.

पण महादेवराव, मी चाळीस वर्षं बाजारात भाजी नेतो आहे. क्रेट भरताना चकचकीत, टपोरं वांगं वर, मधलं मधे, आणि खुरटलेलं एक तर तळाशी नाही तर घरी. दलाल वरचा थर बघतो आणि पुढच्या क्रेटकडे जातो. चाळीस वर्षांत माणसाचा हात एकदा असा वळला की तो दुसरीकडे वळत नाही. पोराचं लग्न जमवतानासुद्धा आम्ही खालचा थर कोणाला दाखवलेला नाही. त्यामुळे आमच्या शेजारच्या वावरातला बंडू पहिल्याच आठवड्यात “तीन फुटाची धामन दिसली, लिवा” म्हणत विहिरीपाशी आला, तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, “काहून बे, जिल्ह्याची इज्जत घालवतं का? हे पिल्लू लिवलं तं अमरावतीवाले हासतीन ना.” बंडूला ते लगेच पटलं. (बंडूला चुकीची गोष्ट लगेच पटते, बरोबर असेल तर दोन दिवस लागतात.) त्याने ते गावभर सांगितलं, आणि तेव्हापासून आमच्या गावात सहा फुटांच्या खाली धामण दिसणं बंद झालं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मग कात सापडायला लागली. करिश्माने कातही मोजायला सांगितली होती. एक टोक बंडूने धरलं, एक मी धरलं. कात ओढली की वाढते हे मला ठाऊक नव्हतं, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. बंडूने पाय रोवले होते एवढं सांगतो.

वही भरली तशी गावाची छाती फुगली. बंडूने परस्पर एका बातमीदाराला गाठलं आणि ‘अकोल्याची धामण अमरावतीपेक्षा चार फूट लांब’ अशी बातमी छापून आणली. दुसऱ्या दिवशी चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावर वर चौदा पुढाऱ्यांचे चेहरे, खाली वाढदिवसवाल्या एकाचा आणखी मोठा चेहरा, आणि कोपऱ्यात धामण, तीही गोल गुंडाळलेली, म्हणजे जिच्या लांबीसाठी एवढा खर्च तिची लांबीच दिसेना. पारावर भाषणं झाली. एकाने लांबीचं श्रेय काळ्या मातीला दिलं, दुसऱ्याने आपल्या कारकिर्दीला. तिसरा म्हणाला, “आयुक्त अमरावतीले, विद्यापीठ अमरावतीले, समदं तिकडंच नेलं. धामन तं आपली लांब राह्यली.” यावर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आपला विकास मोजायला बाकी काही शिल्लक नसलं की लोक साप मोजतात, हे तिथे बसून मला कळत होतं, पण टाळ्या वाजवताना हात आधी चालतात.

करिश्माला बातमी दाखवली. ती नुसती हसली. मला वाटलं आनंदाने हसली असेल.

मग नात्यातल्या मनकर्णेच्या लग्नात पंगतीला तुम्ही माझ्या शेजारी बसलात आणि वरणावर तूप पडायच्या आत माझ्या कानात सांगितलंत की तुमची वही लॉजच्या काउंटरवर असते, पर्यटक ती चाळतात, म्हणून तुम्ही तिच्यात दोन-अडीच फुटांवरची धामण चढूच देत नाही. मागच्या लाकडांच्या ढिगात राहते ती सात फुटी काळी धामण तुम्ही पाहुण्यांना पाण्याचा पाइप म्हणून दाखवता. (आणि तो पाइप हलला तेव्हा पाणी चालू झालं म्हणालात. तुम्हाला मानलं.) मी खूप हसलो. ठसका लागला, तुम्ही पाठीवर थापट्या मारल्या.

घरी येऊन वांगी तोडताना हसू थांबलं. मी माझ्याकडच्या लहान धामणी लपवल्या, तुम्ही तुमच्याकडच्या मोठ्या लपवल्या, आणि पोरगी त्या दोन वह्या शेजारी ठेवून सपाटीची धामण आणि डोंगराची धामण यांतला फरक काढते आहे. धामणींत फरक असेल-नसेल, फरक भाजीवाल्यात आणि लॉजवाल्यात आहे. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी ती अकोल्यात मोठमोठ्या सरांसमोर निबंध वाचणार आहे. त्यांतल्या एकाने जरी वावरात येऊन एक पिल्लू उचललं, तर खोटारडी ती ठरेल, आपण नाही. चार वर्षं उन्हातान्हात फिरली आहे पोरगी. परवा मला म्हणाली, “मामाजी, तुमच्या वहीबिगर माहा प्रबंध झालाच नसता.” आणि वाकून नमस्कार केला. मला लाज वाटली, महादेवराव. आशीर्वाद द्यायला हात उचलला तो डोक्यापर्यंत जाईना.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार. थंडी असेल, जपा.

तुमचा,
नत्थुजी

ता. क. : पत्राचं कारण असं की करिश्माला हे सगळं तुम्हीच सांगावं. तुम्ही बाप आहात, बापावर लेक फार दिवस रागावून राहत नाही. मामाजीचं तसं नसतं. माझं नाव नाही घेतलं तर बरं. अगदीच अडलं तर बंडूचं घ्या.

आणखी एक ता. क. : सांगायचा धीर होत नसेल तर दुसराही मार्ग आहे. गुरुवारच्या आत तुम्ही तुमच्या वहीत सात फुटी धामण पाच-सहा वेळा चढवा, मी इकडे पिल्लं चढवतो. दोन्हीकडची लांबी आपोआप जुळेल. शाई मात्र जुनीच वापरा.

दादा, मी आशा. पाकीट टपालात टाकाले मले देलं, चिकटवाचं राह्यलं होतं, म्हनून वाचलं. ह्यायच्या वहीत काय गडबड हाये ते करिश्माले पह्यल्याच महिन्यात कयलं. वावरात निंदाले येनाऱ्या बायांले रोज पिल्लं दिसे अन् वहीत एकबी नाही, तवा तिनं मले इचारलं. तवापासून बायांची वही अलग हाये, त्यायच्यातल्या दुर्गाबाईपाशी असते. तुह्या लॉजवर वहिनीनं सैपाकखोलीत दुसरी वही ठेवली हाये, तिच्यात तुहा पाइप नऊ खेपा हाये. बायांच्या दोन वह्या जोडल्या तं धामनी लांबीनं सारख्याच निघाल्या, रंगाचा फरक तेवढा हाये. तुमच्या दोघायच्या वह्या तिनं फेकल्या नाही. मानसाच्या धंद्यानं साप कसा लांब अन् आखूड होते, त्याचं तिनं अलग प्रकरण केलं, गुरुवारी थेच वाचनार हाये. नावं टाकली नाही. हे माहितीदार एक, तू माहितीदार दोन. तिले फोन करू नको, वहीले हात लावू नको. पोरीनं तुमची इज्जत राखली, तुमी तिची राखा. गुरुवारी इस्त्रीचे कपडे घालून ये, पह्यल्या रांगेत ह्यायच्या बाजूले बस. अन् लोकं हासतीन तवा तुमीबी हासजा, म्हनजे कोनाले समजनार नाही.