घोरण्याचे अधिकृत आकडे

मु. छापखान्याची माडी
ता. ३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला दीड महिना उशीर झाला, कारण मधे मी एका होडीवर तिकिटं फाडत होतो. ती होडी गळायची. ती गोष्ट पुन्हा कधीतरी. सध्या छापखान्यात कागद कापतो. मालक भला आहे, फक्त समोरच्याचं बोलणं संपायच्या आत त्याला उत्तर सुचतं. आमच्याकडे एक मांजरही आहे, ती शाईवरून चालते आणि मग लग्नपत्रिकांवरून... पण ते राहू दे.

इथे औषधांच्या खोक्यांचा पुठ्ठा उरतो, एक बाजू कोरी. फुकट जाताना बघवेना, म्हणून मी पत्त्यांचा खेळ काढला. बत्तीस पानं, बत्तीस पुढारी, खरेखुरे, देश चालवणारे. नाव कुणाचंच नाही, पण मिशी, टोपी आणि पोट असं काढलंय की जन्मदात्रीने लांबून हाक मारावी. प्रत्येक पानावर चार रकाने: घोरणे, पक्ष बदलणे, फीत कापणे, तेच भाषण पुन्हा करणे. दोघांनी एकेक पान टाकायचं, रकाना पुकारायचा, ज्याचा आकडा मोठा त्याने दुसऱ्याचं पान खायचं. सभापतींचं पान हाती असलं की घोरण्यात हरवायची कुणाची टाप नाही!

आणि आकडे मनाचे नाहीत. तू सभागृहाची लघुलेखिका. एकतीस वर्षं त्या थोर माणसांचा शब्द न शब्द टिपतेस. घोरण्यामुळे एखादं वाक्य ऐकू आलं नाही, तर वहीत तेही कारण नोंदवावं लागतं, हे तूच मला कळवलेलंस. मी शाळेतून पळायचो तेव्हापासून मला हसवायला तू हे सगळं लिहीत आलीस. त्या पत्रांवरूनच बेरीज केली. खोक्यावर झोकात छापलंय, की आकडे आतल्या माणसाकडून. दोनशे संच तीन दिवसांत उडाले. एक तुला पाठवलाय, मुद्दाम कचेरीच्या पत्त्यावर, म्हणजे मैत्रिणींनाही बघता येईल.

तुझा लोभ आहेच. आणखी पाठवलास तर ठेवायला जागा करीन.

तुझा भाचा,
भिंगरी

ता. ११ मार्च

चि. भिंगरी यास,
अ. उ. आ. (सवयीने लिहिले गेले. खोडले तर कागद खराब दिसेल.)

पार्सल पोचलं. कचेरीत आलेलं पार्सल आधी दारावरचा रक्षक उघडतो. तुला हे माहीत असायचं कारण नाही, कुठल्या कचेरीत तू आठवडाभर टिकला आहेस? रक्षकाने शिपायाला दाखवलं, शिपायाने उपाहारगृहात नेलं. दुपारपर्यंत उठसूट फिती कापणारे ते फीतवाले मंत्री स्वतः खेळत होते. स्वतःचंच पान टाकून ते हरले आणि मग लोकशाही धोक्यात आल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

खोक्यावर आतला माणूस, पार्सलवर माझं नाव आणि खाली तुझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात, लाडक्या आत्यास! शाबास रे माझ्या वाघा. सही-शिक्काच तेवढा राहिला होता.

सात जणांची चौकशी समिती नेमली आहे. पिण्याच्या पाण्यासाठी समिती नेमायला यांना चार वर्षं लागली, ही तासाभरात बसली. अध्यक्ष खुद्द सभापती. आकडे खरे ठरले तर सभागृहातली माहिती मी बाहेर फोडली असं होईल, आणि निवृत्तीला सात आठवडे उरले असताना मला बडतर्फ करतील. पेन्शनही जाईल. सचिव कानात सांगून गेले, की समितीपुढे आकडे चुकीचे आहेत एवढं म्हणा, सगळे सुटतील. एकतीस वर्षांत मी एक खोटा शब्द लिहिला नाही. आता शेवटच्या वहीत लिहू?

चौकशी बावीस तारखेला आहे. एक मात्र विचारते. बेरीज नीट केलीस ना? सभापतींचं घोरणं अठ्ठ्याण्णव छापलंयस. मला ते फारच कमी वाटतं.

रागाने, तरी लोभाने,
आत्या

ता. १६ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न., या वेळी खरोखरच आडवा पडून.

पत्र वाचलं आणि हातातला पुठ्ठा तिरका कापला गेला. मालक ओरडला, मी ऐकलंच नाही. मी येतो. समितीला सांगतो की गुन्हेगार मी, मला फासावर द्या. भाडं जमलं की निघतोच.

तू बेरजेचं विचारलंस म्हणून सांगावं लागतंय. ती होडी गळायची म्हणालो ना? तुझी पत्रं दोन गाठोड्यांत होती. एक मी उशाला घ्यायचो, दुसरं फळीखाली ठेवलेलं. एका सकाळी फळी उचलली तर खाली नुसता लगदा, शाई पाण्यात उतरलेली. अर्धी पत्रं गेली, आत्या. मी उरलेल्यांवरूनच बेरीज केली. तेव्हा पानांवरचे सगळे आकडे निम्म्याच्या आसपास असणार. एकही बरोबर नसेल. तुला तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून होडीची गोष्ट पुढे ढकलत होतो. खेळाचं राहू दे, त्या पत्रांचंच मला जास्त लागलंय.

लोभ मागायचं तोंड नाही. उरला असेल तेवढा चालेल.

भिंगरी

ता. २४ मार्च

चि. भिंगरी यास,
अ. उ. आ. (या वेळी समजून उमजून.)

येऊ नकोस. वाटेत कुठे तिसरीकडेच उतरशील.

समितीने मला उभं केलं आणि पानांवरचे आकडे बरोबर आहेत का, असं विचारलं. मी सांगितलं, साफ चुकीचे आहेत, एकही बरोबर नाही. तुझ्या निष्काळजीपणामुळे मला हे छातीठोकपणे सांगता आलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्यावरचा आरोप तिथल्या तिथे निकालात निघाला आणि माझ्या जागी आलेली नवी लघुलेखिका तो निकाल टिपूनही मोकळी झाली. ते सगळे इथेच उठले असते तर शहाणे ठरले असते. पण समितीतल्या फीतवाल्या मंत्र्यांना उपाहारगृहातली हार सलत होती. त्यांनी विचारलं, मग बरोबर आकडे कुठले?

समितीने विचारलं की सांगावंच लागतं, तसा नियमच आहे. अध्यक्ष थांबवू शकले असते, पण ते घोरत होते. मी कपाटातून वह्या मागवल्या आणि सव्वा तास वाचत बसले. कोण किती वेळा घोरलं, कुणी कुठला पक्ष कधी सोडला, तारीखवार. मंत्री मधे मधे घाम पुसत होते. समितीत बोललेलं सगळं वृत्तांतात छापलं जातं, आणि वृत्तांत कुणालाही विकत मिळतो.

मला आता सन्मानाने निरोप देणार आहेत, ठरल्यापेक्षा महिनाभर आधी, पूर्ण पेन्शनसह. घाई त्यांनाच झाली आहे.

भिजलेल्या पत्रांसाठी रडू नकोस. मला आता वेळच वेळ आहे, सगळं पुन्हा लिहून पाठवीन. तू फक्त कोरड्या जागी राहा.

पुढचे संच वृत्तांतावरून छाप, आतला माणूस खोडून टाक. सभापतींचं घोरणं तिथे दोनशे दहा दिलं आहे, तू दोनशे अकरा कर. शेवटचं मला निर्दोष ठरवताना झालं आणि नव्या मुलीच्या टिपणातून निसटलं. शिकेल हळूहळू.

लोभ होता तसाच आहे, पाण्यात भिजत नाही.

तुझी,
आत्या