घर कॉफी मागेपर्यंत

२ मार्च, रविवार
मेहुणा आला होता. लग्न झाल्यापासून रविवारची कॉफी माझ्याकडे. पातेल्यात पावडर चांगली खळखळून उकळली, फडक्यातून गाळली. मेहुण्याने अर्धा कप तसाच ठेवला. म्हणाला, दाजी, तुमच्या कॉफीत चमचा उभा राहतो. मुलगी हसली. हीसुद्धा हसली.
ठरलं. कॉफी बंद. माझीही, त्यांचीही. घर आपणहून मागेल तेव्हाच करीन. आठवडाभरात पाया पडतील.

३ मार्च
जाहीर केलं. तब्येतीसाठी सोडतोय असं सांगितलं, उगाच कोणाला अपराधी वाटायला नको. ही म्हणाली, बरं. म्हणताना तिचा आवाज दाटला होता. सर्दी झालीये म्हणे.
दुपारी माझ्या चष्म्याच्या दुकानात डोकं ठणकलं. गिऱ्हाईकाला नंबर तपासायच्या तक्त्यावरची खालची ओळ वाचायला लावली आणि ती मलाच दिसेना. चूक म्हणून सांगितलं. त्याने बरोबर वाचली होती.

५ मार्च
भाजलेल्या बार्लीची पूड आणली. कॅफिन शून्य. चव थेट कॉफीसारखी, असं पाकिटावर छापलंय. छापणाऱ्याची जीभ तपासायला हवी. सवय होईल. मुलीने घोटभर घेतली आणि विचारलं, बाबा, यात काय भिजवलं होतं?

७ मार्च
डीकॅफ आणली, कॅफिन काढून टाकलेली. माझ्या दुकानात काऊंटरवर बसणाऱ्या बाईंना सांगितलं की डीकॅफमध्येही थोडं कॅफिन उरतंच, आणि कॉफीचा शोध म्हणे बकऱ्यांनी लावला. बाई म्हणाल्या, साहेब, गिऱ्हाईक थांबलंय. लोकांना ज्ञानाची आवडच राहिलेली नाही.
तीन कप प्यायलो. डीकॅफ म्हणजे काही कॉफी नव्हे, त्यामुळे नेम मोडला असं होत नाही.

९ मार्च, रविवार
मेहुणा आला. मी मुद्दाम गॅलरीत जाऊन बसलो, त्यांना आपसांत ठरवायला सोपं जावं म्हणून. थोड्या वेळाने चहाचा वास आला. तिघं आत बराच वेळ हसत होते. मेहुण्याने दुसरा कप मागितला. दुःख लपवायची एकेकाची पद्धत असते.

१२ मार्च
खजुराच्या बियांची कॉफी करतात असं वाचलं. बिया भाजल्या, दळल्या. म्हणजे भाजल्या. दळताना मिक्सरचं पातं तुटलं.  हिने मिक्सरचं भांडं माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि स्वतः शांतपणे जेवली.
चिकोरी मागवली आहे, कॉफीत मिसळतात ती मुळांची पूड.

१५ मार्च
चिकोरी चांगली आहे. तिच्यात जरा कॉफी घातली तर फारच चांगली. फक्त दुकानात, थर्मासमधून. बाईंनी विचारलं, साहेब, कॉफी सोडली होती ना? सांगितलं, घरची सोडली आहे.

१६ मार्च, रविवार
सकाळी पातेलं घासूनपुसून ओट्यावर ठेवलं, शेजारी गाळायचं फडकं. सहज नजरेला पडेल असं. हिने त्या फडक्याने ओटा पुसला.
आज वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही.

१९ मार्च
जिंकलो. संध्याकाळी मुलगी आली आणि म्हणाली, बाबा, तुमची ती कॉफी आहे का अजून? मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि पुन्हा विचारायला लावलं. तीच का, कडक वाली? तर म्हणाली, हो, जेवढी कडक तेवढी बरी.  पटकन आधण ठेवलं, डबा काढला. ती म्हणाली, उकळू नका, नुसती पावडर द्या. बुटांच्या कपाटाला घाण वास येतोय. वाटीत कॉफी ठेवली की जातो, असं मामा म्हणाला.
वाटीभर दिली. आधण वाया कशाला घालवायचं म्हणून हिने त्यात चहा टाकला. मलाही कप दिला. बरा होता.

२३ मार्च, रविवार
मेहुणा आला. बूट ठेवायला कपाट उघडलं आणि म्हणाला, वा, वास पार गेला की. मी सांगितलं, कॉफी माझी आहे. तो म्हणाला, मग दाजी, आता हेच चालू ठेवा.
शेवटी मागितलीच ना. आणि ऐऱ्यागैऱ्याच्या कॉफीने तो वास हलला नसता.