डावीकडचा रंग

प्रिय घाईबाई,

समोरासमोरच्या टेबलांवर काम करणाऱ्या बहिणी पत्रं कशाला लिहितील, असं तुला वाटेल. पण तू पुढ्यात असलीस की माझं तोंड वाकडं होतं आणि तू भाबडेपणानं विचारतेस, ताई, बरं नाही का. नाही बरं. तुझ्यामुळेच.

परवा आईचा फोन आला. पाऊण तास तुझंच कौतुक. धाकटीनं म्हणे मोठा शोध लावला, तूही जरा मन लावून काम कर. चौदा वर्षं मी काय करतेय मग? तुला प्रयोगशाळेत मी आणलं. उंदराच्या मज्जारज्जूचे केसाहून पातळ काप कसे काढायचे, ते हात धरून शिकवलं. पहिल्याच आठवड्यात तू काचपट्ट्यांचा अख्खा ट्रे फोडलास, आणि माझ्या हातून पडला असं मी साहेबांना सांगितलं.

उजव्या पायातला मज्जातंतू दुखावला की मज्जारज्जूत त्याच बाजूच्या मदतनीस पेशी चवताळतात, रसायनं सोडतात. मग जखम भरली तरी नुसत्या कुंचल्याच्या स्पर्शानं उंदीर पाय झटकतो. आपला रंग अशा चवताळलेल्या पेशींवरच चढतो, म्हणून काप उजवीकडेच रंगणार, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ होतं. तू म्हणालीस, डावीकडेही रंग चढलाय, आणि डाव्या पायाला तर कुणी हातही लावलेला नाही.

तो रंग मी चार वर्षांपूर्वी पाहिला होता. मला वाटलं, कापावरचा जादा रंग धुवायला मी कमी पडले. माझा नीटनेटकेपणाचा तोरा तुला माहीत आहे. एकोणतीस काचपट्ट्या कचऱ्यात टाकल्या आणि नवे काप डावी बाजू कोरी दिसेपर्यंत धूत बसले. तू धांदरट, वेंधळी, पण डोळ्यांना दिसलं ते तू खरं मानलंस. मला तुझा हेवा वाटतो. साहेब खुर्ची ओढून तुझ्या टेबलाशी बसतात तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि तेवढ्यात तू माझ्यासाठीही चहा मागवतेस, त्यानं तर जास्तच.

तुझा प्रयोग पडताळायला साहेबांनी माझ्याकडेच दिला, कुठले काप कुठल्या उंदराचे ते न सांगता. निकाल जुळला नाही तर महिनाअखेर तुझी नेमणूक संपणार, हे मला ठाऊक होतं. सोमवारी मी त्यांना सांगितलं, डावीकडे काहीच दिसत नाही. काल तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. घाईबाई, डावीकडे रंग आहे. उजवीकडे रंग चढलेल्या प्रत्येक कापात आहे. काचपट्ट्या घेऊन मी आता साहेबांच्या खोलीत जातेय. त्यांच्याकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं.

तुझीच, अजूनही जळणारी,
ताई