एका मशीनवर दोनच

बाबा, आज मी ऑफिसात एका मुलीला सगळ्यांसमोर झापलं आणि चूक माझी होती, म्हणून लिहायला बसले आहे.

महाराणा प्रताप नगरात माझं सॉफ्टवेअर तपासून देण्याचं ऑफिस आहे. एका खऱ्या कम्प्युटरच्या आत आणखी कम्प्युटर चालवता येतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्या प्रत्येकाला ऑपरेटिंग सिस्टिम लागते, आणि आमच्या सिस्टिमच्या परवान्यात स्पष्ट लिहिलं आहे, एका खऱ्या मशीनवर अशी दोनच. आमच्या चार मशीनवर आठ चालायची. सोमवारी एक मशीन बंद पडलं, सहाच उरली. एकेकावर एकच चाचणी, तीही तीन दिवस चालते, आणि आठही अहवाल आज, गुरुवारी, आमच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाला द्यायचे होते. त्या मुलीने दोन मशीनवर प्रत्येकी तिसरं चढवलं. मला आज दुपारी कळलं.

"चल तो रही है ना, मॅडम," ती म्हणाली. "ते परवानावाले काय इथे मोजायला येणारेत?"

तुम्ही आठवलात. तुम्ही सांभाळायचात त्या कारखान्याच्या टूल रूममध्ये हत्यार घ्यायचं तर कामगाराने आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा. जवळचे बिल्ले संपले की हत्यार नाही. अजून दिसतं, मी कॉलेजात आहे, प्रॅक्टिकलसाठी एका दिवसापुरता व्हर्नियर, ती बारीक मापं घ्यायची पट्टी, मागते आहे.

"तिथे कपाटात वीस पडलेत, बाबा!"

"पडलेत. तुझा बिल्ला कुठाय?"

"मी तुमची मुलगी आहे."

"म्हणून तर आधी तुलाच विचारतोय."

आठवड्याने तुम्ही जवाहर चौकातून एक जुना व्हर्नियर शोधून आणलात. प्रॅक्टिकल होऊन गेलं होतं. मी महिनाभर त्याला हात लावला नाही.

आज दोन्ही जादा मशीन मी स्वतः बंद केली, निकाल पुसले, दोन चाचण्या नव्याने लावल्या. गिऱ्हाइकाला फोन केला. ते म्हणाले, पुढचं काम दुसरीकडे देऊ. म्हटलं, द्या. मग आठवलं, सोमवारी निघताना मीच त्या मुलीला बजावलं होतं, "काहीही कर, आठ झाले पाहिजेत."

तुम्ही आता नाही, म्हणजे हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. तरी तुमच्या सवयीप्रमाणे नोंद करते. गिऱ्हाइकाला सहा अहवाल आणि उरलेले दोन सोमवारी का मिळतील याचं पत्र दिलं. मुलीला माफी दिली नाही, तिची मागितली, सगळ्यांसमोर. तुमचा व्हर्नियरही तिला द्यावा म्हणून टेबलावर काढला होता. तो दिला नाही. बिल्ला आधी मलाच विचारायला हवा होता, म्हणून परत माझ्याच खणात ठेवला.