मृगाच्या आत ठरवू

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
११ मे, रविवार, दुपारच्या चहाचा टाईम

कोकणच्या ईनबाई दमयंतीबाई यांना देवगाववाल्या सारजाबाईचा रामराम. तुमच्याकडं विहीणबाई म्हणत्यात, आमच्याकडं ईनबाई. एवढ्या वर्षांत तुम्हाला सवय झाली असंल, नसंल तर करून घ्या. इकडं सगळे खुशाल. तुमची तबियत कशी हाय ते कळवा.

व्हय, कबूल. तुमच्या फणसापुढं आमचं सीताफळ लेकरागत दिसतंय. पण घर काय फळाच्या वजनावर निवडत्यात का? परवा फोनवर तुम्ही एवढं बोलल्या आन् फोन कटला. तुमच्या वाडीत रेंज गेली, का मी काय उत्तर देते त्या धाकानं तुम्हीच कापला, देव जाणे. म्हणून पत्र लिवायला बसले. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाय, आन् बोलले तर सई भाजी चिरायची थांबून कान देती. लेक तुमचीच.

फणस पोचला. वास आधी पोचला, फणस मागून. पण कापायच्या आधी हाताला तेल चोळायचं असतं हे तुम्ही का सांगितलं नाय? जाणूनबुजून नाय सांगितलं, मला म्हाईत हाय. मी, तुमचा जावई देवेश आन् शेजारची चंपाबाई, तिघंबी चिकानं असं बरबटलो की चंपाबाईचा पदर माझ्या बोटाला आन् माझं बोट विळीला. सई कामावरून आली तवा आम्ही तसेच बसलो होतो. ती आधी पोटभर हसली, मग तेल आणलं. पण गरे असे गोड, की तुमच्या नातीनं, ओवीनं, आठळ्यासुद्धा कुणाला दिल्या नाय. उशीखाली घेऊन झोपली.

तर मुद्द्याचं. पोरं जूनमधी पुण्याला चालली. देवेश-सईची नोकरी मोठी, घर बारकं. आपल्याला दोघींनाबी चला म्हणले, आन् आपण दोघींनीबी नाय म्हणलं. लग्नाच्या बैठकीपासून आजवर आपलं एकमत झालं ते एवढंच. मग देवेशनं तोडगा काढला, की तुम्ही दोघी एका जागी ऱ्हावा, म्हणजे सुट्टीत आम्हाला दोन दिशेला पळायला नको. गुहागर का पडेगाव, ते तुमचं तुम्ही ठरवा. चंपाबाईनं ऐकलं तवा तोंडाला पदर लावून म्हणाली, जावयाच्या आईसंगं नांदायला कोण जाईल ओ?

म्हणून म्हणलं, नीट तोलून मापून बघू. मी पक्षपात करणार नाय. थोडा करीन.

आधी पोटाचं. तुमच्याकडचा तो ओल्या काजूचा रस्सा, त्याची तारीफ करायला माझी शाळा कमी पडती. देवगाव रंगारीला सातवीपत्तोर शिकले, त्यात काजूला शब्दच शिकवला नव्हता. आन् मऊ भात, वर तुपाची धार, संगं कुळथाचं पिठलं. पण ईनबाई, तिसऱ्या दिवशी माझे दात विचारायला लागले, की आम्हाला काय काम हाय का नाय? आमची ज्वारीची भाकरी चावायला लागती, माणूस जेवल्यासारखं वाटतं. वर उडदाचं वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा, आन् येसर टाकलेली आमटी. येसर म्हणजे आमचं भाजून दळलेलं धान आन् मसाला, तुम्ही त्याला पहिल्यांदा चहाची पावडर समजल्या होत्या. दूध आटलं तरी रंग येईना म्हणून तुम्ही अजून एक चमचा टाकला. तो चहा देवेश प्याला. सासूनं केलेला म्हणून कपभर प्याला. असा जावई तुम्हाला दुसऱ्या जल्मी मिळायचा नाय.

आन् तुमची ती पहिली खेप आठवती का? लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचा घास घ्यायचा नाय, म्हणून तुम्ही पिशवीत तांदूळ घेऊन आलेल्या. माझ्या घरात बसून तुम्ही उपाशी, मला कसं गोड लागावं? मग तुम्हाला चंपाबाईकडून जेवायला बोलावणं आलं. दोन भाकरी खाल्ल्यावर तुम्ही म्हणालात, या भाकरीला सारजाबाईंच्या तव्याचा वास येतो. चंपाबाईची बोबडी वळली. मला वाटलं आता उठत्या का काय. पण तुम्ही ताट सरकवलं आन् तिसरी मागितली. तवाच मी मनात म्हणलं, हिच्या घरात पोरगा दिला ते बरं केलं. आता तर ओवी झाली, ती अट बी सुटली. राजरोस जेवायचं.

मटणाचं आधीच सांगते, मागाहून कुरकुर नको. मी सोडणार नाय. शहागंजच्या बाजूला नान-खलिया मिळतो, महिन्यातून एकदा तो माझ्या पोटात जाणारच. घरात शिजवणार नाय, गच्चीवर वेगळी चूल, वेगळं भांडं. चातुर्मासात तुमच्या स्वयंपाकाला कांदा-लसणाचा हात बी लावणार नाय. पण गेल्या खेपेला गच्चीवर शिजत होतं तवा तुम्ही कपडे वाळत घालायला दोनदा वर आल्या, आन् कपडे तर कालच वाळले होते. मी काय बोलले का? नाय बोलले.

तुमच्या घरी माझी काय फजिती झाली ती तर तुम्ही साऱ्या वाडीला सांगितली असंल. दसऱ्याला आले होते, पहिलंच जेवण. गुलाबी कढी वाटीत आली, तांदळाची भाकरी ताटात आली. आमच्याकडं पातळ दिसलं की भाकरी कुस्करायची. मी कुस्करली त्या सोलकढीत, दाबून काला केला, आन् मान वर केली तर तुमचे दीर, जाऊ, पोरंसोरं सगळी घास धरून थांबलेली. मला वाटलं जमीन फाटावी. आन् तुम्ही काय केलं? आपली भाकरी घेतली, आपल्या वाटीत कुस्करली, आन् खायला लागल्या. मग दिरांनी बी कुस्करली. चव घाण लागती ईनबाई, मला म्हाईत हाय. तुम्ही सगळ्यांनी वाटी पुसून खाल्ली.

आता नजाऱ्याचं बोलू. समुद्र हाय तुमच्याकडं, त्याला मी काय बोलणार? पहिल्या दिवशी मी त्याला हात जोडले. दुसऱ्या दिवशी पाय बुडवले. तिसऱ्या दिवशी तुम्हाला विचारलं की याचा आवाज बंद कधी होतो. पण तुमची ती विहीर, तिचं पाणी पिऊन माझी त्वचा नव्या नवरीसारखी झाली. आमच्या नळाला पाणी आठवड्याला येतं, कधी त्याला बी रुसवा येतो. हे मी लपवत नाय, इमानानं सांगते. नळ आला की गल्लीत सणासारखी पळापळ होती.

पण आमच्या गच्चीवरून देवगिरीचा किल्ला दिसतो. सकाळी निळा, दुपारी राखाडी, दिवस बुडताना गुळाच्या ढेपीसारखा. तुम्ही पौषात आल्या तवा आपण खुलताबादला गेलो, घाट चढून वर टेकडीवर बसलो. खाली ज्वारी दाण्यात आलेली, वारं अंगाला झोंबत होतं, आन् तुम्ही हुरडा खायचं इसरून वर बघत बसल्या. म्हणालात, सारजाबाई, एवढं आभाळ मी एका वेळी कधी पाह्यलं नव्हतं. तुमच्याकडं माड, आंबा, फणस सगळे मिळून आभाळ झाकून टाकत्यात. आमच्याकडं झाड कमी, म्हणून आभाळाला मिजास. तुमचा हुरडा मग मी खाल्ला. गार होत होता.

शहागंजात तर तुम्ही नावच कमावलं. बांगडीवाल्यासंगं घासाघीस करताना तुम्ही इतक्या हळू, इतक्या शांत बोलत होत्या की तो बिचारा थकला आन् म्हणाला, अम्मा, आप जो देना है दे दो, मेरेकू नमाजकू जाना है. अजून विचारतो, वो कोकणवाली अम्मा कब आरी? मी काय सांगू त्याला?

वादळाचं राह्यलं. तुमचं वादळ म्हणजे मोठ्या घरची बाई. यायच्या आधी टीव्हीवर तिचं बारसं होतं, मग रस्ता सांगत्यात, मग ती येती. गेल्या खेपेच्या वादळानं तुमची कौलं नेली, दोन माड पाडले, आन् तुम्ही मला फोनवर म्हणालात, शहाळी काढायचा त्रास वाचला. असली जिगर मी पाहिली नाय. आमचं वादळ बिननावाचं, बिनबोलावलं. ऊन तापतं, धूळ उठती, आन् घटकाभरात खेळ खलास. मागून मातीचा वास, आन् सगळ्या गल्लीत आंब्याच्या कैऱ्या गोळा करणाऱ्या बाया. त्यात मी पुढं.

परवा अवकाळीनं झोडपलं. गारा बी पडल्या. पोरं कामावर, ओवी पाळणाघरात. मी आपली कोठीच्या खोलीत ज्वारी निवडत बसले होते. तिथं खिडकी नाय, म्हणून गारवा असतो.

आमचे मालक असते तर गच्चीवर उभे राहिले असते. त्यांचं, तात्यासाहेबांचं, तुम्हाला सांगितलंय मी. वीज कडाडली की ते लगेच ठरवायचे कुठं पडली ती. हे कन्नडला पडलं. हे वेरूळला. हे गंगापूरला, तिथल्या माझ्या साडूच्या कडब्याच्या वळईवर पडलं तर बरं. आवाज घरावर आला तरी म्हणायचे, नाय गं, हे लांब हाय. उभ्या जल्मात एकदा बी आपल्या गावावर पडू दिली नाय त्यांनी.

हे मी तुम्हाला सांगितलं ते दसऱ्यालाच, तुमच्या माजघरात. परतीचा पाऊस होता, दिवेलागणीची वेळ, लाईट गेलेली. तुम्ही विळीवर नारळ खवत होता. मी म्हणाले, थंडी वाजती, आन् पाट ओढून तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. कोकणात दसऱ्याला थंडी वाजती का हो कुणाला? तुम्ही विचारलं नाय. मालकांची गंमत म्हणून मी ती गोष्ट सांगितली, हसत हसत. तेवढ्यात असा आवाज झाला की तुमच्या मांडणीवरची भांडी बोलली. तुम्ही नारळावरून नजर बी उचलली नाय.

"हे दाभोळला पडलं," म्हणालात.

आन् मग त्या सांजेला जेवढ्या पडल्या तेवढ्या तुम्ही वाटून टाकल्या. एक चिपळूणला, एक दापोलीला, एक समुद्रात, मासे मेले म्हणाल्या. मी हसले, तुम्ही खवत राह्यल्या. एका नारळाची गरज होती, तुम्ही तीन खवले.

ईनबाई, परवा सई घरी आली तवा मी अजून कोठीतच होते, ज्वारी निवडते म्हणले. तिनं डबा उघडून बघितला आन् म्हणाली, आई, ज्वारी तर आपण दळूनच आणली ना, मग तुम्ही अंधारात निवडत काय होता? पोरगी हुशार हाय, तुमच्यावर गेली. मी म्हणाले डबा पुसत होते. तिला पटलं नाय. तिनं चहा ठेवला आन् माझ्याजवळ बसली. तिला पुण्याला खुशाल जाऊ द्यायचं हाय मला. माझ्या पायी तिनं नोकरी सोडावी असं नाय करायचं. म्हणून तिला मी सांगितलं नाय, आन् तुम्ही बी सांगू नका.

वर भाकरीचं लिवलं, किल्ल्याचं, आभाळाचं लिवलं. सगळं खरं हाय, एक शब्द खोटा नाय. तुमचा समुद्र, विहीर, काजू, ते बी तेवढंच खरं. पण त्यावरून काय बी ठरत नाय. तुम्ही म्हणाल तर मी घराला कुलूप लावून, किल्ली चंपाबाईकडं टाकून, गुहागरच्या एसटीत बसते. भात खाईन तीन टाईम. मटण सोडीन म्हणत नाय, पण गावाबाहेर जाऊन खाईन. तुम्ही इकडं आल्या तर तुमच्यासाठी गल्लीसंगं भांडून पाणी भरीन. कुठं ते तुम्हीच ठरवा. फकस्त मृगाच्या आत ठरवा, मृगात इकडं विजा लई.

मला विजेची भीती वाटती, दमयंतीबाई. लहानपणापासून वाटती, आन् मालक गेल्यापासून घरात एकटी असले की मी कोठीत दार लावून, कानात बोटं घालून बसते. कुठं पडली ते सांगणारं माणूस मला पायजे. बाकी काय नको.

तुमची
सारजा